लिबिया: आम्हा चौघांचा सल्ला

लिबियाहून परतताना विमानतळावर प्रत्येकाच्या बॅगेचं वजन झालं, पण किश्शांचं वजन कुणी केलं नाही. त्यामुळे आम्ही ते भरपूर आणले. इतकी वर्षं झाली, अजून संपत नाहीत. उलट वाढतात! एक सांगायला घेतला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो. त्यातले किती आपल्याबाबतीत घडलेले, किती ऐकलेले, किती सांगता सांगता गोल झालेले, हे माझ्यासारख्याला छातीठोकपणे सांगता यायचं नाही. मी इंग्रजीचा डॉक्टरेट झालेला प्राध्यापक. कुठलीही गोष्ट खात्रीने सांगू नये, एवढी एकच गोष्ट मला शिक्षणाने खात्रीने शिकवली.

आम्ही चौघं आहोत. खैरनार सटाण्याकडचा, तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डिंगचा फोरमन होता. अन्सारीभाई मालेगावचे, त्रिपोलीजवळच्या एका कापड गिरणीत मागांचे फिटर. पगारे सिस्टर नाशिकरोडच्या, अर्धं आयुष्य बेनगाझीच्या हॉस्पिटलात काढलेल्या. आणि मी. लिबियात असताना आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो. ओळख झाली ती नाशकातच, एका लग्नात. खैरनारने वाढप्याला अरबीत शिवी दिली आणि मागच्या टेबलावरून अन्सारीभाईंनी त्याला अरबीतच समज दिली! सिस्टर उठून आल्या आणि दोघांनाही गप्प बसायला सांगितलं. तेही अरबीत. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मखमलाबाद रोडला, द्राक्षबागेला लागून असलेल्या मिसळीच्या हॉटेलात आम्ही जमतो.

एरवी किस्से मजेसाठी चालायचे. या वेळी तसं नव्हतं.

माझी एकुलती एक मुलगी मृणाल. भूगर्भशास्त्रज्ञ आहे. जमिनीखाली तेल कुठे असेल ते ओळखणं हे तिचं काम. वय चाळिशीला आलंय, लग्न केलेलं नाही. तिची आई गेल्यापासून कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. तिला एका तेल कंपनीने लिबियात नोकरी देऊ केली. थेट वाळवंटात, विहिरींवर. ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथं राहिलेले आहात. जाऊ का? तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. पण नीट विचार करून सांगा."

'नीट विचार करून' हे शब्द माझ्यासमोर उच्चारू नयेत. मी विचार करायला लागलो की आधी झोप जाते, मग भूक जाते, आणि विचार तिथंच बसून राहतो. तिला काही झालं तर, ही भीती. तिला अडवलं आणि ती जन्मभर मनात कुढत राहिली तर, ही दुसरी. आणि या दोन्हींच्या मागे एक तिसरी होती, जी मी स्वतःलाही नीट सांगत नव्हतो. ती गेली तर या घरात माझ्याशी बोलणार कोण?

महिनाअखेरीस कंपनीला कळवायचं होतं. मी प्रश्न मिसळीच्या टेबलावर ठेवला. "हो की नाही, एका शब्दात सांगा."

एका शब्दात सांगितलं असतं तर ते आमच्यातले कसले!

*

खैरनार म्हणाला, "सर, तुम्ही गेले तव्हा कोनाला इचारलं व्हतं?"

"कुणालाच नाही."

"मंग?"

मग मलाच माझी गोष्ट सांगावी लागली.

मला लिबियाची नोकरी माझ्या विद्वत्तेमुळे मिळाली, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. खरं कारण असं, की तिथल्या सर्वेसर्वा नेत्याचं शेजारच्या देशाच्या अध्यक्षाशी बिनसलं. एका फटक्यात शेजारच्या देशातले सगळे मास्तर परत पाठवले गेले. कॉलेजं ओस पडली. म्हणून आम्ही!

पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यावर आधीच्या सरांचं अर्धं वाक्य तसंच होतं. मुलं म्हणाली, "उस्ताज, ते इथपर्यंत आले होते." तिथं मास्तरला उस्ताज म्हणतात. मी खडू उचलला आणि त्यांचं वाक्य पूर्ण केलं. दुसऱ्याच्या ताटावर बसल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी घर बघायला गेलो. घरमालक चांगला माणूस. चहा दिला, खजूर दिले, मग विचारलं, "तुमच्या देशाचं आमच्याशी सध्या कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"अल्हम्दुलिल्लाह! मग घर तुमचं. फक्त एक ऐका."

"काय?"

"पडदे इतक्यात शिवायला टाकू नका!"

खैरनार टेबलावर थाप मारून हसला. मी हसलो नाही. घरी येऊन मृणालच्या खोलीच्या पडद्यांकडे बघत बसलो.

*

सिस्टरांचं म्हणणं, मी अर्धीच गोष्ट सांगितली. "पुढचं सांगा ना सर. तुमचा विषय गेला ते!"

गेला, म्हणजे खरंच गेला. अमेरिकेशी त्यांचं फार बिघडलं, रात्री विमानं येऊन बाँब टाकून गेली, आणि त्यानंतर एक फर्मान निघालं: इंग्रजी बंद! शाळेत बंद, कॉलेजात बंद. ज्या भाषेत मी डॉक्टरेट केली, ती भाषा एका देशाने काढून टाकली. आणि सांगतो, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, बेकरीत पाव मिळाला, कुणाचं काही अडलं नाही. तो धक्का मला अजून पचलेला नाही.

मी डीनकडे गेलो. म्हटलं, "विषय गेला. मग मी?"

"तुम्ही राहा. आमचं भांडण इंग्रजीशी आहे, तुमच्याशी नाही."

"पण मी करू काय?"

डीनने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मैदान होतं. "व्हॉलीबॉल येतो?"

येत नव्हता. तरी मी शिट्टी गळ्यात अडकवून उभा राहू लागलो. मी शिट्टी वाजवली की मुलं माझ्याकडे दयेने बघायची.

आणि एके दिवशी डीन स्वतः मैदानावर आला. इकडेतिकडे बघून कोटाच्या आतून एक जाडजूड पुस्तक काढलं. तेल जिथून जहाजात भरतात तिथल्या पंपाचं मॅन्युअल! अमेरिकन माणसं निघून गेलेली, पंप बसलेला, आणि मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजीत.

"उस्ताज, एवढं अरबीत करून द्या. आजच सुरू करा."

मी म्हटलं, "पण साहेब, इंग्रजी बंद आहे ना?"

"इंग्रजी बंद आहे," डीन म्हणाला. "पंप बंद ठेवून कसं चालेल!"

सिस्टर म्हणाल्या, "बघा! तेलाचं काम म्हटलं की तिथं सगळं माफ असतं. मृणाल तेलाच्याच कामाला चाललीय. जाऊ द्या तिला."

मला पटलं. रिक्षात बसेपर्यंत पटलेलं होतं. मग वाटलं, ज्या देशात तेलाला सगळं माफ, तिथं बाकीच्यांचं काय? मृणाल काही तेल नव्हे. तेल काढणारी माणसं तर वाटेल तेव्हा बदलता येतात. फळ्यावरचं कुणाचं तरी अर्धं वाक्य मीच तर पूर्ण केलं होतं!

*

पुढच्या रविवारी खैरनार तयारी करून आला होता.

"सर, ऐका. ह्ये माझ्यासमोर झालंय. खोटं नाय."

खैरनारची 'खोटं नाय' ही प्रस्तावना असते. तिथून पुढे आपण सांभाळून ऐकायचं.

वाळवंटात एका खजुराच्या वस्तीजवळ विहीर खणत होते. तेलाची. यंत्रं, तंबू, इटलीचे इंजिनियर, सगळा लवाजमा. वस्तीतला एक म्हातारा रोज दुपारी गाढवावर बसून यायचा आणि विचारायचा, "लागलं?" इंजिनियर सांगायचे, "अजून नाही." म्हातारा म्हणायचा, "इन्शाल्लाह," आणि जायचा. महिनोन् महिने. इंजिनियर लोकांना वाटायचं, बघा, अडाणी माणूस, पण देशाच्या संपत्तीची केवढी काळजी!

आणि एक दिवस लागलं. काळं तेल उसळून वर आलं. इंजिनियर एकमेकांना मिठ्या मारायला लागले, कुणी टोपी उडवली, खैरनारच्या तोंडाला एकाने तेल फासलं. तेवढ्यात म्हातारा आला. या वेळी मागे अख्खी वस्ती, बायकांच्या हातात डबे, पोरांच्या डोक्यावर घागरी. म्हाताऱ्याने खड्ड्यात वाकून पाहिलं. वास घेतला. आणि गाढव वळवत म्हणाला,

"ह्या! परत तेलच!"

खैरनार हसून हसून लाल झाला. मग अचानक थांबला. "सर, आमच्या सटाण्यात बोअर कोरडी गेली का लोकं रडत्यात. तिथं तेल लागलं म्हनून रडत व्हते. मी त्या दिशी जेवलो नाय, बरं का."

"म्हणजे जाऊ नये असं तुझं म्हणणं?"

"आसं कुठं म्हनलो मी? मी तं फकस्त किस्सा सांगला!"

*

त्याचाच दुसरा एक आहे, तोही सांगून टाकतो.

लिबियावर जगाने निर्बंध घातले होते, त्या काळातला. विमानं बंद. ट्युनिशियात उतरायचं आणि तिथून टॅक्सीने वाळवंटातली सरहद्द ओलांडायची. सरहद्दीवर तासन् तास रांग. खैरनारच्या बॅगेत बायकोने दिलेला काळा मसाला आणि वणीच्या सप्तशृंगीचा फ्रेम केलेला फोटो. मसाल्याने अधिकाऱ्याला तीन शिंका आल्या. त्याने तो बाजूला ठेवला आणि फोटो उचलला.

खैरनारने हात जोडले. मुसलमानी देश, देवीचा फोटो, आता फोडतो की काय! म्हणाला, "मी मनात म्हनलं, आई, आता तूच बघ, माझ्या हातात काय नाय."

अधिकारी फोटो उजेडाकडे धरून मोजायला लागला. एक हात, दोन हात... मग मान वर करून विचारलं, "अठरा?"

"अठरा," खैरनार म्हणाला.

"प्रत्येक हातात शस्त्र?"

"हो साहेब. देवी आहे आमची."

अधिकाऱ्याने फोटो परत फडक्यात गुंडाळला, अगदी हलक्या हाताने, आणि बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला.

"अठरा हात, अठरा शस्त्रं. आणि हिच्यावर कुणी निर्बंध घातले नाहीत?" तो म्हणाला. "आमचे तर दोनच हात होते!"

मसाला मात्र त्याने अर्धा ठेवून घेतला.

*

अन्सारीभाई कमी बोलतात. पाचही नमाज, हलका आवाज, मिसळीतही रस्सा कमी. मी त्यांना मुद्दाम विचारलं, "भाई, तिथं धर्माचं कसं आहे? मृणालला बाई म्हणून, हिंदू म्हणून काही जाच होईल?"

"प्रोफेसरसाब, मी तर मुसलमान. माझीच पहिल्या रमजानला पंचाईत झाली होती. ऐका."

गिरणीत सगळे रोजे धरलेले. एका संध्याकाळी इफ्तारनंतर एकदम गलका झाला, "उद्या ईद!" अन्सारीभाई गच्चीवर गेले. आभाळ स्वच्छ. चंद्राचा पत्ता नाही. अरबस्तानात ईद नाही, शेजारच्या देशात नाही, मालेगावात तर अजून दोन दिवस अवकाश. ते धावत मशिदीत गेले.

"इमामसाब, चांद तर दिसला नाही!"

इमाम म्हणाले, "रेडिओला दिसलाय. तू झोप जा."

"मग, भाई?" मी विचारलं.

"मग काय! केली ईद. दुसऱ्या साली पुन्हा तेच. तिसऱ्या साली मात्र शेजाऱ्याशी दोस्ती झाली, बॉर्डर उघडली, दोन्ही बाजूचे लोक गाड्या भरभरून इकडून तिकडे. आणि सुभानल्लाह! त्या साली ईद दोघांची एकाच दिवशी!"

खैरनार म्हणाला, "म्हणजे चंद्रबी सरकारी नोकर!"

अन्सारीभाईंनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. "मी घरी फोन लावला तर अब्बा रागावले. म्हणाले, कसले मुसलमान आहेत तिथले? मी म्हटलं, अब्बा, आपल्याकडे एका गल्लीत दोन ईद होतात आणि वर भांडणं होतात. इथं निदान सगळा मुल्क एकसाथ चुकतो!"

हसून झाल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बेटीला धर्माचा त्रास नाही होणार. माणसं भली आहेत. फक्त तिला सांगा, रेडिओ ऐकत जा."

*

आता तिथं सगळ्यांचा मिळून एक रेडिओही राहिलेला नाही, हीच तर अडचण!

मी अलीकडचं सगळं वाचून काढलं. परदेशी वर्तमानपत्रं, विद्यापीठांचे अहवाल. पश्चिमेला एक सरकार, पूर्वेला दुसरं. याला तुर्कस्तानचा हात, त्याला रशियाचा. इजिप्त एकीकडे, आखातातले श्रीमंत कधी इकडे कधी तिकडे, युरोपला फक्त तेल यायला हवं आणि समुद्रातून माणसं यायला नकोत. मी मृणालला समजावं म्हणून एका मोठ्या कागदावर याचा तक्ता काढला. बाण, उलटे बाण, तुटक बाण.

ती तक्ता फिरवून फिरवून बघत राहिली. "बाबा, ही स्वेटरची वीण आहे का?"

"अगं, परिस्थिती आहे ती!"

"आणि यात मी कुठे बसणार?"

मी पेन्सिलने एक टिंब काढलं. बरोबर ते टिंब चार बाणांच्या मध्ये आलं. त्या रात्री मी गोळी घेऊनही जागा होतो.

शेवटी खैरनारने तिथल्या त्याच्या जुन्या मित्राला, महमूदला फोन लावला. महमूद पाइपलाइनवरच म्हातारा झालेला. खैरनारने फोन स्पीकरवर टाकला आणि ओरडून विचारलं, "तिथं सध्या सरकार कुणाचं आहे?"

महमूद म्हणाला, "सकाळी की संध्याकाळी?"

मी फोन हातात घेतला. म्हटलं, "महमूदभाई, थट्टा नको. माझी मुलगी येणार आहे. तुमच्या पाइपलाइनवर दोन्ही बाजू गोळ्या झाडत असतील ना?"

"पाइपवर? तौबा!" तो एकदम गंभीर झाला. "उस्ताज, दोघांचं जेवण त्याच पाइपातून येतं. एकमेकांवर झाडतात, पाइपाच्या वरून झाडतात, खालून झाडतात. पाइपाला ओरखडा येऊ देत नाहीत!"

"बघा," खैरनार म्हणाला, "मृनालला सांगा, पाइपाला चिटकून राहा!"

*

राहिल्या पगारे सिस्टर. त्या सर्वेसर्वा नेत्याविरुद्ध क्रांती झाली, भारताने आपली माणसं जहाजात घालून परत आणली, तेव्हा या आल्या नाहीत. का, असं विचारलं की म्हणतात, "ड्यूटी संपली नव्हती." त्यांच्याशी वाद घालायची कुणाची प्राज्ञा नाही.

क्रांतीनंतर बेनगाझीत प्रत्येक गल्लीची आपापली फौज. जखमी आणायचे तर आणणारे दहा जण बंदुकांसकट वॉर्डात. एकदा शेजारशेजारच्या खाटांवर दोन विरोधी टोळ्यांचे पोरगे, दोघांना सलाइन, आणि दोघांचे मित्र एकमेकांवर नळ्या रोखून. सलाइनच्या नाही, बंदुकीच्या!

सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात चपला चालत नाहीत आणि बंदुका चालत नाहीत. दोन्ही बाहेर काढून या."

"आणि ऐकलं त्यांनी?" मी विचारलं.

"न ऐकायला काय झालं? घरी आयांचं ऐकतातच ना? चपलांच्या मांडणीत वर चपला, खाली बंदुका. एकदम शिस्तीत. दुसऱ्या दिवसापासून तोच नियम. सगळं छान चाललं होतं. पण एके दिवशी बाहेर हीऽ बोंबाबोंब. मला वाटलं, पडला मुडदा! धावत गेले. एक दाढीवाला मांडणीपुढे उभा राहून रडकुंडीला आलेला."

"का?"

"आपल्याकडे काळारामाच्या देवळाबाहेर होतं तसंच! म्हणाला, 'सिस्टर, कुणीतरी बदलली. माझी नवी बेल्जियमची होती, ही जुनी रशियन ठेवून गेला!'"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? म्हटलं, पुढच्या वेळी कोपऱ्यात लपवून ठेवत जा."

आम्ही सगळे हसलो. अन्सारीभाईंचा चहा सांडला. मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. "सर, खरं सांगू? मला तिथं भीती वाटायची. रोज वाटायची. पण कामाला आलेल्या बाईला त्या माणसांनी कधी बोट लावलं नाही. हे दोन्ही खरं आहे. आता यातून तुम्ही काय घ्यायचं ते घ्या."

दोन्ही खरं आहे, याच एका वाक्याची मला आयुष्यभर धास्ती वाटत आलेली आहे.

*

आणि हा शेवटचा. गेल्या रविवारचा.

त्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी मिसळीला जायला नकार दिला, म्हणून तिघंही माझ्याच घरी आले. मृणाल चहाचं बघत होती. माझ्याशी ती दोन दिवस फक्त गरजेपुरतं बोलत होती. रागावलेली नव्हती, वाट बघत होती. ते जास्त वाईट.

त्यातच तिचा फोन वाजला. कंपनीचे तिथले सालेम म्हणून एक वयस्क अधिकारी होते, नेमणुकांवर त्यांची सही लागायची. त्यांची एक पद्धत होती. वाळवंटातल्या कामावर बाई येणार असेल तर ते तिच्या वडिलांशी बोलल्याशिवाय सही करत नसत. मग ती कुठल्या का देशाची असेना आणि कितीही वयाची असेना.

"मी चाळिशीची बाई आहे!" मृणाल फोनवर हात ठेवून म्हणाली. "यांना बाबांची परवानगी कशाला हवी?"

सिस्टर म्हणाल्या, "तू तरी गेले तीन आठवडे काय मागत होतीस गं?"

मृणालने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.

व्हिडिओ कॉल होता. फोनच्या पडद्यावर पांढऱ्या मिशांचा, माझ्यासारखाच चष्मा कपाळावर चढवलेला माणूस होता. मी विसरत चाललेल्या अरबीत म्हटलं, "शिन हालक?" कसं काय, बरं आहे ना? तो खूश झाला. तब्येत कशी, घरचे कसे, हवा कशी, पुन्हा तब्येत कशी. तिथं असं सगळं विचारून झाल्याशिवाय मुद्द्यावर येत नाहीत. मी प्रश्न काढून ठेवले होते. विहिरींवर पहारा कोणाचा, विमानतळ बंद पडला तर बाहेर कसं काढणार, दवाखाना किती लांब. मी घसा साफ केला.

"उस्ताज," तेच आधी म्हणाले, "तुमचं विचारायच्या आधी मी एक विचारू? कंपनीचं नाही, घरचं आहे."

"विचारा."

"तुम्ही नाशिकचे. माझ्या धाकट्या मुलीला, हुदाला, तुमच्या नाशिकमध्ये फार्मसीला प्रवेश मिळालाय. तिला यायचंच आहे. इथं टीव्हीवर तुमच्या देशाचं काहीबाही दाखवतात. मुलगी डोक्याला रुमाल बांधते. तिला राहायला खोली देतील? रस्त्यात कुणी काही बोलेल? तिची आई रोज रडते. तुम्ही शिकलेले आहात, वडील आहात. खरं सांगा. पाठवू का?"

खाली रस्त्यावर कुंभमेळ्यासाठी खोदकाम चाललंय, त्या यंत्राचा तेवढा आवाज. अन्सारीभाई कपातल्या चहाकडे बघत राहिले.

मग खैरनारने माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकं घातलं. "पाठवा, पाठवा! नो प्रॉब्लेम! नाशिक लय शांत!"

सिस्टर दुसऱ्या बाजूने वाकल्या. "माझ्या घराजवळ मुलींचं होस्टेल आहे. मी स्वतः बघून घेईन."

आणि मी! मी, ज्याला मिसळीत पाव किती घ्यावे हे ठरवता येत नाही, तो एका दमात बोलत सुटलो. "टीव्हीवर जाऊ नका. टीव्हीवर दिसतो तो देश वेगळा आणि माणसं राहतात तो वेगळा. भांडणं होतात, नाही असं नाही. पण रोज नाही, आणि आपल्या गल्लीत नाही. शेजारीपाजारी चांगले आहेत. शिकायला आलेल्या मुलीकडे लोक मानाने बघतात. आणि अडलंनडलं तर आम्ही आहोत ना!"

सालेमनी अन्सारीभाईंकडे पाहिलं. त्यांची टोपी दिसत असणार. "आणि तुम्ही, भाई?"

अन्सारीभाईंनी कप खाली ठेवला. "खोली मिळायला जरा वेळ लागेल," ते म्हणाले. "पण मिळेल."

सालेमनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला.

"उस्ताज, तुमच्या मुलीबद्दल तुम्ही विचाराल म्हणून मी काल रात्री उत्तर तयार करून बसलो होतो," ते म्हणाले. "ते सगळंच्या सगळं तुम्ही आताच मला म्हणून दाखवलंत!"

ते हसले नाहीत. आमच्याकडेही कुणी हसलं नाही. मृणाल दुसऱ्या चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन उभी होती, किती वेळ ते कळलं नाही.

"आता तुमचं विचारा, उस्ताज."

मी तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"तिला थंडी सोसत नाही," मी म्हटलं. "वाळवंटातल्या रात्रींसाठी ब्लँकेटं दोन द्या."